सत्तावीस श्वासांची साधना : चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री १०८ शांतिसागरजी महाराज

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाचा मंगल प्रसंग हा जसा आनंदाचा, तसाच आत्मपरीक्षणाचाही आहे. पन्नास वर्षांत आपण काय उभारले याचा हिशेब या स्मरणिकेच्या अन्य पानांवर वाचकांना मिळेलच. या लेखात थोडा वेगळा हिशेब मांडावयाचा आहे. तो आहे श्वासांचा.

मंदिरात दर्शन झाले की आपण नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणून कायोत्सर्ग करतो. लहानपणी आजीचे बोट धरून मंदिरात गेलो तेव्हापासून ही सवय अंगवळणी पडलेली आहे. परंतु हे नऊ मंत्र सत्तावीस श्वासोच्छ्वासांत म्हणावयाचे असतात, एका मंत्राला तीन श्वास असे त्याचे प्रमाण आहे, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते? बोटांच्या पेरांवर अंगठा भराभर फिरतो, अर्ध्या मिनिटात नऊ मंत्र उरकतात आणि आपण चपला शोधू लागतो. मंत्र झाला, संख्या झाली; श्वास मात्र राहून गेला.

आज मन शांत करण्यासाठी श्वासाकडे लक्ष द्यावे, असे डॉक्टर सांगतात, योगवर्गात शिकवतात, शिबिरांतूनही सांगितले जाते. ते योग्यच आहे. पण श्वासाच्या मापाने मनाला स्थिर करण्याची रीत आपल्या नित्यक्रमातच शतकानुशतके आहे, याचा आपल्याला विसर पडला आहे. ही रीत ज्यांच्या जीवनात पूर्णपणे उतरलेली दिसते, त्या विसाव्या शतकातील महान दिगंबर आचार्यांचे, प. पू. शांतिसागरजी महाराजांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

भोजचा सातगौडा

निपाणीजवळ दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांच्या संगमावर भोज नावाचे गाव आहे. बेळगाव जिल्ह्यातील हा सारा मुलूख मराठी-कन्नड अशा दोन्ही भाषा बोलणारा, ऊस-तंबाखूच्या काळ्या जमिनीचा आणि शेतकरी जैन समाजाचा. या गावचे पाटील भीमगौडा आणि त्यांच्या पत्नी सत्यवती यांच्या पोटी १८७२ साली, भोजजवळच्या येळगुड या आजोळी महाराजांचा जन्म झाला. नाव ठेवले सातगौडा. घर सधन, धार्मिक आणि माणसांनी भरलेले होते.

त्या काळच्या रूढीप्रमाणे सातगौडांचा विवाह वयाच्या नवव्या वर्षी लावण्यात आला. काही महिन्यांतच त्या बालवधूचे निधन झाले. पुढे घरच्यांनी पुन्हा विवाहाचा आग्रह धरला तेव्हा त्यांनी तो मानला नाही आणि ब्रह्मचर्याचा मार्ग पत्करला. शाळेचे शिक्षण बेताचेच होते. पण शास्त्रवाचन ऐकण्याची गोडी विलक्षण होती. देहाने ते बळकट होते. भोजला आलेल्या मुनींना खांद्यावर घेऊन नदीचे पात्र पार करून देणारा हा तरुण गावात सर्वांच्या परिचयाचा होता. शेतात पाखरे दाणे टिपू लागली तर त्यांना हाकलण्याऐवजी त्यांच्यासाठी पाणी भरून ठेवणारा हा राखणदार होता, असेही चरित्रकारांनी नोंदवले आहे.

दीक्षा घेण्याची इच्छा तरुणपणीच मनात होती. परंतु वडिलांनी आपल्या हयातीत घर सोडू नये असे सांगितले आणि सातगौडांनी ती आज्ञा पाळली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मनातील वैराग्य आणि घरातील कर्तव्य यांच्यामध्ये त्यांनी वर्षांमागून वर्षे काढली, पण त्या प्रतीक्षेत चडफड नव्हती. सम्मेद शिखरजीच्या यात्रेला गेले असता तेथे त्यांनी तूप-तेलाचा त्याग केला आणि पुढे एकभुक्त राहू लागले. संसारात राहून इंद्रियांना वळण लावण्याची ती शाळा होती. आई-वडिलांच्या निधनानंतरच, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी घराचा उंबरा ओलांडला.

आपल्या घाटमाथ्यापलीकडे

सिंधुदुर्गातील वाचकांना ही कथा दूरदेशीची वाटू नये म्हणून सांगतो. सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढून गेले की आजरा लागते. त्याच आजरा तालुक्यात उत्तूर हे गाव आहे. या उत्तूर गावी सातगौडांनी देवेंद्रकीर्ती मुनींकडून क्षुल्लक दीक्षा घेतली. पुढे गिरनार येथे भगवान नेमिनाथांच्या चरणी त्यांनी ऐलक पद स्वीकारले आणि १९२० च्या सुमारास बेळगाव जिल्ह्यातील यरनाळ येथे निर्ग्रंथ मुनिदीक्षा झाली. सातगौडा पाटील आता मुनी शांतिसागर झाले.

त्या काळी दक्षिणेत दिगंबर मुनी अगदी मोजके होते आणि त्यांच्या आचारात काळाच्या ओघात शिथिलता शिरली होती. गावात जाताना अंगावर वस्त्र पांघरावे, आहाराचे घर आधीच ठरलेले असावे, असे प्रकार रूढ झाले होते. शांतिसागरजींनी यावर टीका करीत बसण्यापेक्षा मूलाचारात सांगितल्याप्रमाणे स्वतःचे आचरण शुद्ध केले. अठ्ठावीस मूलगुण हे त्यांच्यासाठी ग्रंथातील यादी नव्हती, दिवसाचा क्रम होता. त्यांच्या आचरणाचा प्रकाश पसरू लागला, शिष्य जमू लागले आणि १९२४ मध्ये सांगली जिल्ह्यातील समडोळी येथे चतुर्विध संघाने त्यांना आचार्यपदावर प्रतिष्ठित केले. या घटनेला २०२४ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली.

दिवसातील अठ्ठावीस कायोत्सर्ग

मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत सहा आवश्यक येतात : समता, स्तुती, वंदना, प्रतिक्रमण, प्रत्याख्यान आणि कायोत्सर्ग. कायोत्सर्ग म्हणजे कायेचा उत्सर्ग, देहावरील ममत्वाचा त्याग. दोन्ही पायांत चार अंगुळांचे अंतर ठेवून, हात मोकळे सोडून, मान-डोळे स्थिर ठेवून उभे राहावयाचे. शरीर आहे, पण ते माझे नाही, या भावाने राहावयाचे.

या स्थितीत किती वेळ राहावयाचे, हे आपल्या पूर्वाचार्यांनी घटिकेच्या मापाने सांगितले नाही. ते श्वासांच्या मापाने सांगितले. दिवसाच्या प्रतिक्रमणात १०८ उच्छ्वास, रात्रीच्या प्रतिक्रमणात ५४, पाक्षिकात ३००, चातुर्मासिकात ४०० आणि वार्षिक प्रतिक्रमणात ५००. दर्शन, वंदना, स्वाध्याय अशा इतर प्रसंगी बहुधा २७ किंवा २५ उच्छ्वास. श्वेतांबर परंपरेतही हेच तत्त्व आहे. तेथे लोगस्स सूत्राच्या पदांवर श्वास मोजले जातात आणि संख्या दैवसिक १००, रात्रिक ५०, पाक्षिक ३००, चातुर्मासिक ५०० व सांवत्सरिक १००८ अशी आहे. संख्या वेगळ्या असल्या तरी काट्याच्या दोन्ही बाजूंना श्वासच आहे.

एका णमोकार मंत्राचे तीन श्वास कसे होतात, तेही पाहू. पहिला श्वास आत घेताना अरिहंतांचे पद, सोडताना सिद्धांचे पद. दुसरा श्वास घेताना आचार्यांचे, सोडताना उपाध्यायांचे. तिसऱ्या श्वासात साधूंचे दीर्घ पद अर्धे आत घेताना, अर्धे सोडताना. अशा रीतीने पाच पदे तीन श्वासांत बसतात आणि नऊ मंत्रांचे सत्तावीस श्वास होतात. मंत्र ओठांवर नसतो, तो श्वासावर असतो.

अनगारधर्मामृतात मुनींचे दिवसभरातील कायोत्सर्ग मोजून दिले आहेत : स्वाध्यायाचे १२, वंदनेचे ६, प्रतिक्रमणाचे ८ आणि योगभक्तीचे २, असे एकूण अठ्ठावीस. म्हणजे निर्दोष चर्या पाळणारा मुनी दिवसाकाठी अठ्ठावीस वेळा सर्व व्यवहार थांबवून देहापासून दूर सरतो आणि श्वासाजवळ येतो. शांतिसागरजींनी ही चर्या सुमारे पस्तीस वर्षे पाळली. महाराजांनी ध्यानाची नवी पद्धती काढली नाही की तिला नवे नाव दिले नाही. जे आधीपासून होते ते त्यांनी पूर्ण केले, एवढेच.

कायोत्सर्गाचे बत्तीस दोषही मूलाचारात सांगितले आहेत. घोड्याप्रमाणे एक पाय उचलून उभे राहणे, वेलीप्रमाणे डोलणे, खांबाला किंवा भिंतीला टेकणे, इकडेतिकडे पाहणे हे त्यांतील काही. मंदिरात नऊ मंत्र म्हणताना आपल्याकडून यांतले किती घडतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

रोखणे नव्हे, सोडणे

श्वासाविषयी बोलताना एक खुलासा आवश्यक आहे. श्वास कोंडून धरणे, जबरदस्तीने लांबवणे हा कायोत्सर्गाचा मार्ग नाही. अकराव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या शुभचंद्राचार्यांनी ज्ञानार्णवात प्राणायामाचे सविस्तर वर्णन केले आहे. पण त्याच ग्रंथात मोक्षार्थी साधकाला प्राणायामाच्या खटाटोपापेक्षा इंद्रियांना विषयांपासून मागे घेणे अधिक हितकर आहे आणि श्वासाच्या पीडनातून आर्तध्यान उपजण्याचा संभव आहे, असा इशाराही दिला आहे. बाराव्या शतकातील कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्राचा एक दीर्घ प्रकाश प्राणायामाला दिला आणि पुढच्या प्रकाशात त्याच्या मर्यादा स्पष्ट केल्या. दोन्ही परंपरांचे थोर आचार्य येथे एकमताने बोलतात.

याचे कारण आपल्याला मालवणच्या किनाऱ्यावर सहज कळेल. समुद्राची भरती-ओहोटी कोणी थोपवू शकत नाही. तिच्याशी झुंजणारा थकतो. पण काठावर बसून पाणी आले, पाणी गेले, एवढेच पाहणारा हळूहळू शांत होतो. श्वासाचेही तसेच. तो येतो आणि जातो. आपण त्याचे कर्ते नाही, ज्ञाते-द्रष्टे आहोत. हा भाव जागा झाला की क्रोधाला, भीतीला, हव्यासाला क्षणभर आधार उरत नाही. आर्त आणि रौद्र ही अशुभ ध्याने मागे सरतात आणि धर्म्यध्यानाला जागा होते.

आधुनिक शरीरशास्त्रही याला पूरक आहे. श्वास सावकाश सोडला जातो तेव्हा हृदयाची गती मंदावते आणि शरीराला विश्रांती देणारी मज्जासंस्था कार्यरत होते. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या संस्थेत स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रियांचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. शांतिसागरजींना आचार्यपद मिळाले तेच हे वर्ष. पुढे तेरापंथाचे आचार्य महाप्रज्ञजी यांनी प्रेक्षाध्यानाच्या रूपाने श्वासाचे निरीक्षण समाजापुढे ठेवले. मार्ग अनेक आहेत. आपल्या हाती मात्र सत्तावीस श्वासांची पुंजी आधीच दिलेली आहे.

कसोटीचे क्षण

शांत खोलीत बसून शांत राहणे कठीण नाही. संकटाच्या वेळी ती शांती टिकते की नाही, ही खरी परीक्षा. महाराजांच्या चरित्रातील काही प्रसंग समाजात सर्वश्रुत आहेत. पंडित सुमेरुचंद दिवाकर यांच्या चारित्र चक्रवर्ती या ग्रंथात ते विस्ताराने आले आहेत.

निपाणीजवळच्या कोगनोळी येथील गुहेत महाराज ध्यानस्थ असताना एक सर्प त्यांच्या अंगावर चढला आणि शरीराला वेढे देऊन राहिला. पाहणारे भयाने गोठून गेले. महाराजांनी देह हलवला नाही. काही काळाने सर्प जसा आला तसा निघून गेला. अन्य एका रात्री असंख्य मुंग्या त्यांच्या देहाला डसत राहिल्या. सकाळी लोकांनी पाहिले तेव्हा महाराज आसनावर तसेच स्थिर होते.

अशा प्रसंगांकडे आपण चमत्कार म्हणून पाहतो आणि हात जोडून मोकळे होतो. तसे केले तर त्यातले शिकण्यासारखे हातातून निसटते. सर्पाला मंत्राने बांधले, असे या कथेत नाही. कथेत एवढेच आहे की एका माणसाचे शरीर भीतीने आक्रसले नाही. ज्या देहावरचे ममत्व दिवसातून अठ्ठावीस वेळा सोडण्याचा सराव केला, तो देह संकटाच्या वेळी सोडणे त्यांना नवीन नव्हते. सराव शांत वेळी झाला, फळ कठीण वेळी आले.

तिसरा प्रसंग माणसांचा आहे आणि म्हणूनच अधिक बोध देणारा आहे. १९२७ मध्ये कुंभोज-बाहुबली येथून आचार्यश्रींचा संघ सम्मेद शिखरजीच्या दिशेने निघाला आणि १९२८ मध्ये तेथे पोहोचला. कित्येक शतकांनंतर दक्षिणेतील दिगंबर मुनिसंघ उत्तरेत पायी विहार करीत होता. त्यानंतर कटनी, ललितपूर, मथुरा, दिल्ली, जयपूर, उदयपूर अशा अनेक ठिकाणी चातुर्मास झाले. या विहारात धौलपूरजवळच्या राजाखेडा येथे शस्त्रे घेतलेल्या जमावाने संघावर हल्ला केला. श्रावकांनी प्रतिकार केला, पोलीस आले, हल्लेखोरांचा म्होरक्या पकडला गेला. महाराजांनी आग्रह धरला तो त्याला सोडून देण्याचा. त्याच्याविषयी त्यांच्या मनात वैरभाव नव्हता.

सापापुढे स्थिर राहणे एक वेळ समजू शकते. पण आपल्या जिवावर उठलेल्या माणसाविषयी मन क्षुब्ध न होणे, हे ध्यानाचे खरे प्रमाण होय. मन शांत झाले याचा पुरावा आपल्याला बरे वाटण्यात नसतो. आपल्यामुळे दुसऱ्याचे भय किती कमी झाले, यात तो असतो.

कर्तव्याचा भार आणि मनाची स्थिरता

ध्यानी पुरुष जगापासून अलिप्त होऊन बसतो, असा एक समज आहे. महाराजांचे जीवन त्याला उत्तर देते. त्यांच्या संघातून मुनी, आर्यिका, क्षुल्लक यांची परंपरा उभी राहिली. त्यांचे थोरले बंधू देवगौडा हेही पुढे त्यांच्याकडूनच दीक्षा घेऊन मुनी वर्धमानसागर झाले. १९३७ मध्ये नाशिकजवळच्या गजपंथ क्षेत्री समाजाने महाराजांना चारित्रचक्रवर्ती या पदवीने गौरवले. धवला, जयधवला आणि महाबंध या सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्रांना कीड लागून काही भाग नष्ट झाल्याचे कळल्यावर ते ग्रंथ ताम्रपटांवर कोरून घेण्याची प्रेरणा त्यांनी दिली आणि त्यासाठी फलटण येथे जिनवाणी जीर्णोद्धार संस्थेचे कार्य उभे राहिले.

तत्कालीन मुंबई राज्याच्या मंदिरप्रवेश कायद्यात जैन मंदिरांचा समावेश झाला, तेव्हा जैन धर्माच्या स्वतंत्र अस्तित्वाचा प्रश्न म्हणून महाराजांनी १९४८ मध्ये धान्याहाराचा त्याग केला. १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा अकलूज प्रकरणातील निर्णय आल्यावर, सुमारे तीन वर्षांनी, तो त्याग संपला. या प्रश्नाच्या सामाजिक बाजूविषयी आज निरनिराळी मते असू शकतात. येथे नोंदवावयाचे ते इतकेच की त्यांच्या विरोधाचा भार दुसऱ्या कोणावर पडला नाही. तो त्यांनी स्वतःच्या देहावर घेतला आणि वाणीत कटुता येऊ दिली नाही. त्यांच्या मुनिजीवनातील निम्म्याहून अधिक दिवस उपवासात गेले, असे चरित्रकार सांगतात. एवढी तपश्चर्या करूनही ते सामान्य श्रावकाशी हसून बोलत, शेतकऱ्याला त्याच्या भाषेत समजावत.

कुंथलगिरीचे छत्तीस दिवस

वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी महाराजांची दृष्टी मंदावली. आपल्याला हा एक आजार वाटेल. मुनींसाठी तो व्रताचा प्रश्न असतो. चार हात जमीन पाहून चालणे ही ईर्यासमिती. पायाखालचा जीव दिसेनासा झाला तर अहिंसा महाव्रत कसे पाळावयाचे? देह राखावा की व्रत राखावे, हा प्रश्न उभा राहिला आणि महाराजांनी व्रत निवडले.

धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी हे कुलभूषण-देशभूषण मुनींचे निर्वाणक्षेत्र. तेथे १४ ऑगस्ट १९५५ रोजी सल्लेखनेला प्रारंभ झाला. आरंभीच्या काळात अधूनमधून केवळ जल घेतले. पुढे तेही सोडले. आचार्यपदाचा भार त्यांनी जयपूर येथे असलेले आपले ज्येष्ठ शिष्य वीरसागरजी यांच्याकडे सोपवला. परिग्रह तर पूर्वीच सुटला होता. आता पदही सुटले. देशभरातून श्रावकांची रीघ लागली. डोंगरावर पाऊस, खाली गर्दी, आणि मध्ये एक कृश देह क्षणाक्षणाने हलका होत चाललेला.

२६ व्या दिवशी, ८ सप्टेंबर रोजी, इतक्या दिवसांच्या उपवासानंतर महाराजांनी समाजाला अखेरचा उपदेश केला. तो मराठीत होता आणि ध्वनिमुद्रित झाल्यामुळे आजही ऐकावयास मिळतो. त्यात त्यांनी कोणतेही कठीण तत्त्वज्ञान सांगितले नाही. जीव आणि पुद्गल वेगळे आहेत हे ओळखा, संयम धारण करण्यास भिऊ नका आणि आत्मचिंतन करा, हा त्याचा सारांश. ज्याला जमेल त्याने सहा घटिका, कोणी चार, कोणी दोन, आणि तेही न जमल्यास निदान दहा-पंधरा मिनिटे तरी रोज आत्म्याचे चिंतन करावे, असे त्यांनी कळकळीने सांगितले. एक घटिका म्हणजे २४ मिनिटे. सहा घटिकांपासून दहा मिनिटांपर्यंत महाराज आपल्यासाठी पायऱ्या उतरत आले. अखेरच्या दिवसांतही त्यांना आपल्यासारख्या दुकानदार, नोकरदार, घरकामात गुंतलेल्या माणसांची आठवण होती.

१८ सप्टेंबर १९५५, रविवार, भाद्रपद शुद्ध द्वितीया. छत्तीसाव्या दिवशी सकाळी, पूर्ण सावध अवस्थेत, सिद्धांचे स्मरण चालू असताना महाराजांचा श्वास थांबला. पस्तीस वर्षे ज्या श्वासावर पंचपरमेष्ठींची पदे ठेवली, त्या श्वासाने अखेरपर्यंत साथ दिली आणि मग तोही देहाबरोबर सोडून दिला गेला. कायोत्सर्ग पूर्ण झाला.

आपल्या वाट्याचे दहा मिनिट

आपल्या कोकणात भाद्रपद शुद्ध द्वितीया म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधीची लगबग. मुंबईची माणसे गावाकडे येत असतात, बाजारपेठा फुललेल्या असतात, दुकानात मान वर करावयास सवड नसते. त्यापाठोपाठ पंचमीला दशलक्षण पर्वाचा आरंभ होतो. नेमक्या या गर्दीच्या दिवसांत महाराजांची पुण्यतिथी येते. कदाचित हेच योग्य आहे. शांतीची गरज निवांत दिवसांपेक्षा अशा दिवसांतच अधिक असते.

महाराजांनी किमान दहा-पंधरा मिनिटे मागितली. पूर्वाचार्यांनी सायंकाळच्या प्रतिक्रमणासाठी १०८ उच्छ्वास सांगितले. या दोहोंचा मेळ घालून पाहू. १०८ उच्छ्वास म्हणजे ३६ णमोकार मंत्र. सावकाश, सहज श्वास घेणाऱ्याला मिनिटाला दहा-बारा श्वास पुरतात. म्हणजे ३६ मंत्र नऊ-दहा मिनिटांत होतात. दुकानाचे शटर ओढल्यावर, रात्रीच्या जेवणापूर्वी किंवा अंथरुणाला पाठ टेकण्याआधी एवढा वेळ कोणाला नाही?

पद्धत साधी आहे. उभे राहता येत असेल तर उभे राहावे; वयस्करांनी व आजारी व्यक्तींनी बसून करावे. हात सैल, खांदे सैल, डोळे अर्धवट मिटलेले. श्वास ओढू नये, रोखू नये, लांबवू नये. जसा येतो तसा येऊ द्यावा. दमा वा हृदयविकार असणाऱ्यांनी याबाबत विशेष दक्ष राहावे. प्रत्येक मंत्र तीन श्वासांवर ठेवावा. मन मध्येच उधारीच्या वहीकडे, मुलाच्या परीक्षेकडे, कोणाच्या बोचऱ्या शब्दाकडे जाईल. जाऊ द्यावे. गेले असे लक्षात आले की त्यावर न चिडता पुढच्या श्वासावर पुढचे पद ठेवावे. चिडणे हेही आर्तध्यानच आहे. संख्या चुकली तरी हरकत नाही, श्वास चुकू नये.

आणि एवढेही न जमल्यास मंदिरातले नऊ मंत्र तरी सत्तावीस श्वासांत म्हणावेत. दोन-तीन मिनिटे लागतील. मुलांना मंत्राबरोबर श्वासही शिकवावा. परीक्षेच्या आदल्या रात्री, दवाखान्याच्या बाकावर, घरातील वडीलधाऱ्यांच्या अखेरच्या आजारात त्यांच्या उशाशी बसताना हीच पुंजी त्यांच्या उपयोगी पडेल. ती आयत्या वेळी उसनी मिळत नाही. रोज थोडी थोडी साठवावी लागते.

संस्थेच्या पन्नास वर्षांत आपण वास्तू उभारल्या, उत्सव केले, दाने दिली. हे सारे पुण्यकार्य आहे. पुढील पन्नास वर्षांसाठी एखादा संकल्प करावयाचा असेल, तर तो हाच असावा की आपल्या मंदिरात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाचे सत्तावीस श्वास त्याला परत मिळावेत. त्यासाठी निधी लागणार नाही, जागा लागणार नाही, कोणाची परवानगी लागणार नाही.

दूधगंगेच्या काठच्या एका शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या, आपल्याच भाषेत अखेरचा उपदेश करून गेलेल्या त्या महापुरुषाच्या चरणी या सुवर्णमहोत्सवी वर्षात विनम्र भावाने त्रिवार नमोस्तु.

जय जिनेंद्र!